दाढीवाली गोळी

नवी किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून डॉक्टर कोणती गोळी देणार, या घोरात शिंपी दवाखान्यातल्या बाकावर बसला होता. शेजारी एक आजी आणि एक तरुण मुलगी गोळ्यांवरूनच बोलत होत्या.

“माझी नवी गोळी,” मुलगी म्हणाली. “हात इतका थरथरतो, की सही बघून बँकवाले परत पाठवतात.”

“माझी जुनीच. हात स्थिर, पण हनुवटीवर बोकडासारखी दाढी!”

“मग बदलून घ्या ना, आजी.”

“डॉक्टरही मागे लागलेत. पण किडनी माझ्या ताईची. दर रविवारी उन्हात बसवून माझे केस उपटायची आणि ओरडायची, ‘किडनी दिली, आता हजामतही मीच करू?’”

“आणि आता?”

“आता ताई नाही. आरशासमोर मीच उपटते, आणि तिच्या वाट्याचं ओरडतेही मीच.”