अक्कनातचे चित्र

बुरुलचा : पुन्हा धूसर. मागच्या कड्यावरची भेगन् भेग दिसते आहे, अता आजोबा, आणि आपली गरुडी म्हणजे नुसता काळा डाग.

तोकोल्दोश : लग्नातले वऱ्हाडी टिपणारा कॅमेरा तुझा. त्याला आकाश काय ठाऊक?

बुरुलचा : वऱ्हाडी एका जागी बसून जेवतात. ही कड्यावरून सरळ अंगावर येते. आपोआप फोकस धरणारं यंत्र तिला धरू जातं, तोवर ती निसटून पुढे आलेली असते. मग ते बिचारं डोंगरालाच धरून बसतं.

तोकोल्दोश : मग आणखी एकदा उडवू. परत आलीच आहे अक्कनात.

बुरुलचा : तीच तर पंचाईत आहे. वर मेंढी कापून ठेवली, ती तिथे मांसावर बसावी आणि आपण मागे न बघता उतरून जावं, शिकारीच्या गरुडीला कायमचं रानात सोडायची हीच रीत ना? सकाळपासून ती मांस सोडून तुमच्याच हातमोज्यावर येते आहे.

तोकोल्दोश : सवय, बाळ. माझे गुडघे तरी कुठे माझं ऐकतात?

बुरुलचा : वसंत सरत आला. आज गेली नाही, तर यंदा तिला जोडीदार मिळायचा नाही. आणखी एखाद्या वर्षानं ती पिल्लं होण्याच्या वयाची राहील का?

तोकोल्दोश : मला शिकवतेस? एक स्पष्ट चित्र मिळू दे. मग मुकाट्यानं घरी येतो.

बुरुलचा : फोकसची चौकट मोठी करून बघते. सोडा.

(गरुडी झेपावते, कड्याला वळसा घालते आणि पुन्हा तोकोल्दोशच्या हातावर येऊन बसते.)

तोकोल्दोश : आली का चित्रात?

बुरुलचा : नाही. तुम्ही आलात. लग्नाची सवय मोडली नाही याची. माणसाचा चेहरा दिसला की यानं तोच धरला. अक्कनात पुसट, तुमच्या मिशीचा मात्र केसन् केस स्पष्ट.

तोकोल्दोश : पुसून टाक. म्हाताऱ्याची छबी कोणाला हवी?

बुरुलचा : थांबा. सकाळीही एकदा यानं तुम्हालाच धरलं होतं, मी न बघता पुढे गेले. अता, दोन्हीकडे तुमचं तोंड उघडं आहे.

तोकोल्दोश : धाप लागते.

बुरुलचा : धापेनं ओठांचा असा चंबू होत नाही. तुम्ही तिला हाक मारताय.

तोकोल्दोश : वाऱ्यात तुला तर ऐकू आली नाही.

बुरुलचा : तिला आली.

तोकोल्दोश : ठरवून नव्हे गं. ती कड्यापलीकडे झाली, की ओठ माझे राहत नाहीत. सकाळपासून जीभ चावतो आहे.

बुरुलचा : मग काय करायचं?

तोकोल्दोश : कॅमेरा पिशवीत ठेव. हा हातमोजा घाल. ती जड आहे, कोपर पोटाशी टेकव.

बुरुलचा : आणि चित्र?

तोकोल्दोश : राहू दे.

बुरुलचा : मी कधी सोडली नाही तिला. मला जमेल?

तोकोल्दोश : तिच्या डोळ्यांवर मी टोपी घालून देतो. मी उतरलो की ती काढायची, हात उंच करायचा. पुढचं तिला येतं. मी खाली उतरतो, धबधब्यापाशी.

बुरुलचा : तिथे कशाला? उभं राहायला धड जागा नाही, सगळे कपडे भिजतील.

तोकोल्दोश : भिजू देत. तिथे माझी हाक मलासुद्धा ऐकू येत नाही.