एका परातीतली माणसं

कुवेतातली अरबांची एक पंगत माझ्या हातानं मोडली, हे मी आजवर बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्ही लिहून घेताय तर घ्या, भाऊ.

मी पारोळ्याचा. वडील लग्नाकार्यातले आचारी, त्यांच्याच हाताखाली शिकलो. आपल्याकडची माणसं आखातात जायला लागली तसा मीही गेलो, एका बांधकाम कंपनीच्या छावणीत स्वयंपाकी म्हणून. अरब म्हणजे सगळे एकच, असं मला वाटायचं. तसं नाही हो. इजिप्तचा सीरियाच्याला हसायचा, येमेनचा सगळ्यांवर खार खायचा, बोली वेगळी, चहा वेगळा, पगारसुद्धा वेगळा.

त्यांचा मुकादम अबू खलील, पॅलेस्टाइनचा. त्याचं गाव पोरपणीच सुटलेलं. त्याचं एकच म्हणणं, अरब हा एक देश आहे, मधल्या रेघा परक्यांनी ओढल्या. रेडिओवर कैरोहून इजिप्तच्या अध्यक्षाचं भाषण लागलं की अख्खी गल्ली थांबायची, हे सांगताना त्याचे डोळे भरायचे. इजिप्त आणि सीरियानं मिळून एक राज्य केलंही होतं म्हणे, ते मोडलं. मी म्हटलं, मग? तर म्हणाला, राज्य मोडलं, माणसं कुठं मोडली. आणि काय सांगू तुम्हाला, नुसतं बोलायचा नाही. शुक्रवारी भात-मटणाची एक मोठी परात, सगळ्यांनी तिच्यातच हात घालून जेवायचं, हा त्याचा नियम. भांडलेल्या दोघांना मुद्दाम शेजारी बसवायचा आणि चांगला तुकडा एकमेकांपुढं सारायला लावायचा. हसत हसत मिटायचं. असा माणूस मी आपल्या पुढाऱ्यांत पाहिला नाही.

मग नव्वद साली इराकचं सैन्य कुवेतात शिरलं. छावणीत येमेनचे आणि इतर काही म्हणत बरं झालं, इजिप्त-सीरियाचे म्हणत अरबानं अरबाचं घर लुटलं. अबू खलील म्हणायचा, सैन्यं येतील जातील, आपण एका परातीवरून उठायचं नाही. त्यानंतरच्या एका शुक्रवारी तो पिठाच्या शोधात बाहेर गेला होता. मला वडिलांची रीत आठवली. आमच्याकडं भाऊबंदांत तेढ असली की आचारी कोणाला न विचारता दोन पंगती मांडतो, म्हणजे लग्न सुखरूप पार पडतं. मी तेच केलं. इजिप्त-सीरियावाल्यांची एक परात, बाकीच्यांची दुसरी. मागितली कोणीच नव्हती. पण प्रत्येकाला वाटलं समोरच्यांनीच मागवली, आणि सगळे मुकाट बसले.

अबू खलील आला, दारातच थांबला. मला हळूच विचारलं, यांनी मागितलं? बोलणी बसतील म्हणून मी मान डोलावली. तो कुठल्याच परातीला बसला नाही. अरब एक, हे त्याच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही.

तरी माणूस बघा, कुवेत सोडायची वेळ आली तेव्हा आम्हा हिंदी लोकांना अम्मानच्या बसमध्ये जागा मिळावी म्हणून तोच उन्हात भांडत उभा राहिला. अम्मानहून विमानानं मुंबई, तिथून घर. आईनं विचारलं, तठला बठ्ठा लोके बरा शेतस ना? मी म्हटलं, हो, तिथले सगळे लोक बरे आहेत. लढाईत इराक हटला, आणि पॅलेस्टाइनचे लोक इराकच्या बाजूचे असं धरून त्यांना कुवेत सोडायला लावलं. तो कुठं गेला, आहे की नाही, काही कळलं नाही.

आता इथं देवपुरात माझी खाणावळ आहे, बरं चाललंय. तो असेल तिथं त्याला चार माणसांत बसून जेवायला मिळो. त्याच्या माणसांनी वेगळी परात मागितली नव्हती, ती मी मांडली, एवढं त्याला सांगायचं देणं माझ्याकडं राहिलं आहे.