उडी मारून खाली येणं

अगं, परवा सिल्वासाला आमच्या बास्केटबॉल कोर्टवर काय झालं ऐक. माझ्या टीममधल्या ऋतुजाचे वडील, मसाटच्या एका कंपनीत इंजिनिअर आहेत, तावातावाने आले. "मॅडम, महिना झाला, पोरीला नुसत्या उड्या मारायला लावताय. बॉलला हातसुद्धा लावू देत नाही. उद्यापासून तिला पाठवणार नाही."

ऋतुजाचा चेहराच उतरला. मी म्हटलं, "साहेब, गेल्या वर्षी आमची एक मुलगी उडी मारून चुकीच्या पद्धतीने खाली आली आणि गुडघा दुखावून घरी बसली. म्हणून मी आधी नीट खाली यायला शिकवते. तुम्हीच या बाकावरून एक उडी मारून बघा."

"त्यात काय!" म्हणत त्यांनी मारली. धप्पकन आवाज झाला. सगळ्या पोरी वळून बघायला लागल्या आणि साहेब गुडघा धरून उभे!

मग ऋतुजा बाकावर चढली, उडी मारली आणि गुडघे वाकवून अलगद उतरली. "पप्पा, असं. आवाज आला तर मॅडम परत उडी मारायला लावतात."

मला वाटलं, आता चिडून तिला घेऊन जाणार. पण त्यांनी बूट काढले आणि ते परत बाकावर चढले.