केरबाच्या गुऱ्हाळातली हत्या

मंडळी, एक सांगा — पापी घराबाहेर काढला, की घरातलं पाप जातं का? माना डोलवू नका! आधी ऐका.

केरबा गुळवे, गुऱ्हाळवाला. महिन्यापूर्वी माळ घातली, मटण सोडलं — आणि लगेच जगाला सुधारायला निघाला! हसताय काय? तुम्ही नवे होता तेव्हा वेगळं केलंत?

यंदा सप्ताहाच्या प्रसादाचा गूळ केरबाचा. बारा वर्षं वाट पाहिलेला मान! आठ दिवसांनी पंच ढेपी न्यायला येणार. केरबानं सहज वर पाहिलं — आढ्याला जाळं! मधोमध कोळीण. दोऱ्यांवर पाय टेकून अशी स्वस्थ, की केरबाला वाटलं, वा, काय ध्यान लागलंय! तेवढ्यात माशी अडकली. दोरा थरथरला मात्र — कोळीण धावली, माशी गुंडाळली, चावली, आणि बसली रस पीत!

"आरं द्येवा! माझ्या छपराखाली हत्या?"

बायको आनंदीबाई म्हणाली, "अवो, तिचं प्वाट हाय त्ये. ऱ्हाऊ द्या."

"गप! माळकऱ्याचं गुऱ्हाळ हाय ह्ये!"

मारलं नाही हां — माळकरी ना! एकेक कोळी सुपात घेतला, ओढ्यापलीकडं सोडला. भिंतीवर दबा धरून माशीवर झेप घेणारा बारका कोळीही सुटला नाही. जाळी झाडली. केरबा दोन भाकरी जास्त जेवला!

मग माश्या आल्या. गावातल्या, परगावच्या, त्यांच्या माहेरच्या! अडवणार कोण? रस उकळतोय, आणि काहिलीत टपाटप माश्या. झारा घेऊन काढता काढता केरबाचे हात भाजले. पंच आले. ढेप फोडली.

"केरबा, बेदाणं घातलंस व्हय?"

गेला मान! पंच शेजारगावच्या गुऱ्हाळाकडं वळले. केरबा चुलवाणापाशी मटकन बसला, ढसाढसा रडला.

आनंदीबाई हळूच म्हणाली, "कोळीण दिसाला चार खायाची. तुमी काहिलभर शिजवल्या."

केरबा उठला. सूप घेतलं, ओढा ओलांडला, आणि झुडपाझुडपाशी वाकून — "चला बायांनो, चुकलं माझं, घरला चला!" पंचांनी जाता जाता पाहिलं. म्हणाले, गुळाबरोबर डोकंही गेलं!

मंडळी, कोळीण पोटापुरतं मारते. आपण पुण्यासाठी किती मारतो, मोजलंय? तुमच्याही सुपात आज कुणीतरी आहे — सून असेल, शेजारी असेल, ओढ्यापलीकडं सोडायला काढलेला. ते सूप आधी खाली ठेवा. मग हात मोकळे होतील — ते जोडा, आणि म्हणा विठ्ठल!