पाच दिवसांचा कोर्स

नाही हो नूपुर मॅडम, लाज कसली — भोईवाड्याच्या चाळीत जन्म गेला माझा, आठ खोल्यांना दोन संडास, कोणाला किती वेळ लागतो ते अख्ख्या मजल्याला पाठ. बिनधास्त विचारा, भरा फॉर्म. नाव चंपा, वय चोपन्न, पेशंटची मोठी बहीण. पेशंट अजित, ब्लड कॅन्सर, पाचवा मजला. डबा हा काय, तुम्ही दिलेला — रिकामाच आहे, फॉर्म झाल्याशिवाय द्यायचं नाही म्हणालात ना. तयारी आहे. सकाळपासून आहे.

गंमत बघा हां — चार महिने तुम्ही लोकांनी नुसता जंतूंचा धाक घातलात. अजितला दही नको, सालीसकट फळ नको, धुतलेली कोथिंबीरसुद्धा नको — हात धुऊन धुऊन माझ्या हातावरच्या रेषा गेल्या. आणि आता म्हणता, ताई, तुमच्या पोटातले जंतू द्या. तेही कशातून, तर शौचातून — शेजारच्या लतिकाला सांगितलं, ती जेवता जेवता ताटावरनं उठली. पण मोठे डॉक्टर म्हणाले, औषधांनी त्याच्या आतड्यातले चांगले जंतू मेलेत, ते परत पेरून बघू. पेरू, असंच म्हणाले. मग पटलं मला.

माहितीये, कोणीही चाललं असतं. तपासणीत मीपण पास, नम्रतापण पास — त्याची बायको, ती बघा लिफ्टपाशी बसलीये. ह्याला रक्ताचं नातं लागत नाही, तुम्हीच म्हणालात. तरी मीच म्हटलं, मी देणार. तिला सांगितलं, तू बाहेरची, मध्ये पडू नको. सोळा वर्षं झाली लग्नाला, तरी म्हटलं. का म्हटलं? — तुम्ही विचारलं नाहीत, मीच सांगते. त्याला नवं रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी कोणाच्या दिल्या? माझ्या. चाळीत पेढे वाटायचेच बाकी होते, बहिणीने भावाला वाचवलं म्हणून. आणि त्याच पेशी आता त्याच्या आतड्यावर उठल्यात. तुमच्याकडे इंग्रजी नाव आहे त्याला — साधं सांगायचं तर माझं रक्त त्याला आतून खातंय. दिवसाला पंधरा वेळा जातो. परवा मला म्हणतो, ताई, तुझा स्वभाव आलाय बघ माझ्या पोटात. हसलो दोघं. मग मी जिन्यात जाऊन रडले. म्हणून मीच निस्तरणार. मी केलंय, मीच निस्तरणार.

हां, पुढचं विचारा. ताप नाही. बाहेरचं खाल्लं नाही. परदेश — मॅडम, वर्षभरात अँटॉप हिलच्या पुढे गेले नाही. औषध? बीपीची, रोज अर्धी. बाकी काही नाही. म्हणजे — पोट साफ करायची घेतली, ती काय औषधात धरायची? अहो, पास झाले तरी मनात आलं, एखादा वाईट जंतू कोपऱ्यात राहिला असला तर? कोणाला घरात आणायचं म्हटलं की आधी झाडूनपुसून घेतो ना आपण. आणि हे तर भावाला द्यायचं. घाण कशी देऊ? चाळीखालच्या केमिस्टला म्हटलं, पोटातले जंतू मारणारी दे. अँटिबायोटिक. सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस, एक गोळी चुकवली नाही. परवाच कोर्स संपला. आता एकदम स्वच्छ आहे पोट, एकही —

पेन का ठेवलंत?

चांगलेपण मेले? … सगळे नाही, पण — हां. हां, कळलं. मग थांबायचं किती? तीन महिने. तीन महिने अजित कुठला — बरं. बरं, बरं.

नम्रताने काही घेतलेलं नाही. डोकं दुखलं तर बाम लावते ती, गोळी घेत नाही. माझ्या हातात गोळ्यांचं पाकीट बघून म्हणाली होती, ताई, डॉक्टरांना विचारलंत का? मी म्हटलं, मला शिकवू नको.

बोलवा तिला. नाही, मी नाही, तुम्ही हाक मारा. फॉर्मात माझं नाव खोडा. आणि नातं लिहाल ना, तिथे बायको लिहा, आणि शेजारी लिहा, घरची. जागा नसली तर नका लिहू, मी सांगेन तिला. हा डबा न्या. जा ना मॅडम, माझ्याकडे काय बघत बसलात.