केक उभा पोचला पाहिजे

नाही, मला एक सांगा, माणूस गाडी थरथरते म्हणून गॅरेजमध्ये गेला, तर गाडी बघायची की त्याची अक्कल काढायची? तुम्हाला सांगतो, तीन आठवडे डोक्याचा नुसता भुगा झालाय, आणि तो सांध्यांपायी. गुडघ्यांचे नव्हेत हो, ते शाबूत आहेत अजून... गाडीचे! गाडीखाली इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत एक लांब दांडा फिरतो, शाफ्ट म्हणतात, त्याच्या दोन्ही टोकांना सांधे असतात. इतकी वर्षं मला हे ठाऊक नव्हतं आणि माझं काही अडलं नव्हतं.

अडलं केव्हा? आमची ही केक करते, लग्नाचे, तीन तीन मजली, आणि ते पोचवतो मी, जुन्या लांबड्या गाडीतून, मागच्या सीटा काढून. पन्नासच्या पुढे गेलं की खालून अशी थरथर सुरू होते, की गेल्या महिन्यात वरचा मजला खालच्या मजल्यावर राहायला आला. नवरीच्या देखत! नवरी रडली. ही रडली नाही, पडलेलं क्रीम पुसत राहिली, ते जास्त वाईट. घरी आल्यावर म्हणाली, "पुढच्या महिन्यातल्या शनिवारचा चार मजली आहे. तोही पडला तर मी लग्नाचे केक बंद करते, वाढदिवसाचे करत बसेन." दहा वर्षं त्या एवढ्याशा ओव्हनपाशी उभं राहून जिनं नाव कमावलं, तिनं असं म्हणावं? मग माझं मागणं काय होतं? केक उभा पोचला पाहिजे. बाकी मला काही नको.

गेलो मेकॅनिककडे. तो गाडीखाली, नुसते पाय बाहेर. पायांशीच बोलायचं. पाय म्हणाले, "साहेब, शाफ्टच्या सांध्यांतले क्रॉस गेलेत. यू-जॉइंट. नवे टाकतो, बघायला नको." टाका म्हटलं. तेवढ्यात मेहुणा टपकला. हा हिचा धाकटा भाऊ, दिवसभर मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघतो, स्वतःकडे सायकल आहे. "दाजी, यू-जॉइंट? आजच्या काळात? अहो, तो कोनात फिरताना एका फेरीत दोनदा पळतो, दोनदा रेंगाळतो, म्हणून तर थरथर! सीव्ही जॉइंट टाका. कसाही वाकवा, एकसारखा फिरतो." झालं, पाय बाहेर आले, पाठोपाठ मेकॅनिक आला. "आणि सीव्हीचं रबर फाटलं की? ग्रीस उडालं, माती शिरली, खेळ खल्लास. क्रॉस मार खातो आणि चालतो." "पण थरथरतो!" "कोन नीट असला तर नाही थरथरत." "पण तो नीट नाहीये ना!" आणि दोघं एकदम माझ्याकडे वळले. "साहेब, तुम्ही बोला." "दाजी, तुम्ही ठरवा." मी? मी काय ठरवणार, कपाळ? केक उभा पोचला पाहिजे, एवढंच ठरवून आलो होतो मी!

बरं, टाकले नवे क्रॉस. मागे पाऊण पातेलं पाणी ठेवून चक्कर मारून आलो, तर अर्धं पाणी गाडीत. मेहुणा नुसता "हं" म्हणाला. असा राग आला मला त्या "हं"चा... पण करतो काय, उद्यावर शनिवार. म्हटलं, आग लागो त्या क्रॉसला, टाका सीव्ही!

मेकॅनिक धुसफुसत माप घ्यायला खाली गेला. मग पाय म्हणाले, "साहेब, मागच्या स्प्रिंगांखाली हे लोखंडी ठोकळे कुणी घातलेत? मी कंपनीचेच समजत होतो. गाडी मागून एवढी उचलल्यावर शाफ्टचा कोन बिघडणार नाही तर काय?"

आता... तुम्हाला म्हणून सांगतो. ते मी घातलेत. दोन महिन्यांपूर्वी. गाडी मागे जरा बसली होती, केक घसरायचा, म्हणून वेल्डरकडून ठोकळे करून आणले आणि सुताराची लेव्हल लावून, बुडबुडा बरोबर मध्ये येईपर्यंत गाडी उचलली. ही तेव्हाच म्हणाली होती, "अहो, गाडी कशाला उचलता? केकच्या फळीखाली काहीतरी सारा की." आणि मी हसलो होतो. म्हणालो होतो, "असली तात्पुरती कामं मी करत नाही." मोठ्यांदा म्हणालो होतो, हिच्या भावासमोर.

काढले ठोकळे. थरथर बंद. पातेल्यातलं पाणी एका बाजूला कललं, पण सांडलं नाही. मेहुणा म्हणतो, सीव्ही असता तर ठोकळे काढावेच लागले नसते. मेकॅनिक म्हणतो, सीव्ही असता तर कोन बिघडलाय हे जन्मात कळलं नसतं. भांडा म्हटलं, दोघंही भांडा, माझा केक उभा पोचला! चारही मजले. नवरी हसली, आणि ही... ही परत येताना गाडीत गाणं गुणगुणत होती.

गाडी मागे पुन्हा बसली, तरी केक घसरला कसा नाही, विचारा ना. हिनं त्यातलाच एक ठोकळा घेतला, घासला, पुसला, फडक्यात गुंडाळला आणि फळीखाली सारला. दुसरा ठोकळा घरी आहे, ओट्यावर. रोज सकाळी माझा चहा त्याच्यावर ठेवून देते.