पश्चात

(दुबईतल्या अल कुसैसमधल्या फ्लॅटचा हॉल, शनिवार दुपार. सोफ्यावर गुणवंत, समोर स्टुलावर टाय बांधून त्यांचा मुलगा वेदांग. प्रमिला मेथी निवडत बसली आहे.)

वेदांग : ...आणि काका, तू मेल्यावर हे सगळं कुणाला?

प्रमिला : अरे देवा. उद्या अबुधाबीला जाऊन त्या वासुदेवरावांना हे असं विचारणार आहेस?

वेदांग : काय चुकलं? द क्वेश्चन इज करेक्ट. प्रायव्हेट बँकिंगमध्ये सक्सेशनचं पहिल्या मीटिंगलाच विचारतात.

गुणवंत : चुकलं काहीच नाही. माणूस मरणारच आहे. फक्त तो आधी तुला बाहेर काढेल.

प्रमिला : आणि ते 'तू' काढ बघू. दोन कारखाने आहेत त्यांचे. अर्ध्या अबुधाबीच्या एसीचे डक्ट त्यांनी बनवलेत.

वेदांग : आई, मी मराठी फक्त तुम्हा दोघांशी बोलतो. 'तुम्ही' म्हणायची प्रॅक्टिस कुणावर करू, फ्रिजवर?

प्रमिला : 'मेल्यावर' पण नको. 'गेल्यावर' म्हणायचं.

वेदांग : गेल्यावर कुठे? इंडियाला?

गुणवंत : बघ, गल्फमध्ये 'गेल्यावर' चालायचं नाही. 'तुमच्या पश्चात' म्हण.

वेदांग : पश्चात्ताप?

गुणवंत : नुसतं पश्चात. ताप वारसांना.

प्रमिला : तुम्ही थट्टा करू नका हो. सोमवारी त्याला त्याच्या बॉससमोर, त्या नबिलासमोर उभं राहायचंय.

वेदांग : एक्झॅक्टली. प्रोबेशन संपतंय आणि मी बँकेत एकसुद्धा क्लायंट फॅमिली आणलेली नाही. नबिला म्हणाली, हबीबी, तू मराठी, ते मराठी, जा, त्यांच्या भाषेत बोल. अकाउंट आलं तर पर्मनंट, नाहीतर खलास. आणि मी खलास म्हणजे तुम्हीपण खलास. बाबाची रिटायरमेंट झाली की तुमचे दोघांचे व्हिसा माझ्या नोकरीवर.

गुणवंत : हे तू रोज सकाळी सांगतोस. दात घासायच्या आधी.

प्रमिला : तुमच्या बँकेत कमीत कमी ठेवायला लागतात तरी किती?

वेदांग : पन्नास लाख दिरहम.

प्रमिला : म्हणजे आपले बारा कोटी होत आले की. कमीत कमी?

वेदांग : त्याच्या खाली असेल तर आम्ही सॉरी म्हणतो. पोलाइटली.

गुणवंत : म्हणजे जन्मदात्यालाही सॉरीच. बरं, चल, मी वासुदेवराव. विचार काय विचारायचंय ते.

वेदांग : नमस्कार सर. कसा आहेस... कसे आहात?

गुणवंत : मजेत. तुमच्यासारखे तीन जण येऊन गेले या महिन्यात. तिघांच्याही टायला हीच गाठ होती.

वेदांग : सर, आमची बँक नुसते पैसे नाही बघत. आम्ही फॅमिलीचं सगळं बघतो.

गुणवंत : सगळं म्हणजे?

वेदांग : स्कूल ॲडमिशन, हॉस्पिटल, ट्रॅव्हल. गेल्या महिन्यात एका फॅमिलीच्या मांजराचा पासपोर्ट मी स्वतः पळापळ करून काढला.

प्रमिला : मांजराला पासपोर्ट. आणि तुझा बाप तीस वर्षं व्हिसा रिन्यू करतोय.

वेदांग : आई, तू मीटिंगमध्ये नाहीयेस.

प्रमिला : बरं बाई. मी मेथी निवडते.

वेदांग : सर, रात्री तुम्हाला कशामुळे झोप लागत नाही?

गुणवंत : प्रोस्टेट.

वेदांग : बाबा, प्लीज. हा आमच्या ट्रेनिंगमधला प्रश्न आहे. क्लायंटच्या मनातली भीती बाहेर काढायची असते.

गुणवंत : मग बाहेर काढलीच की. पुढे.

वेदांग : दहा वर्षांनी तुमची फॅमिली कुठे असेल असं तुम्हाला वाटतं?

गुणवंत : हां. हा बरा प्रश्न आहे. मला एक मुलगा आहे. गुणी आहे, पण घाईचा. तो म्हणतो, आम्ही इथेच राहायचं. तो दुबई मरीनाला मोठा फ्लॅट घेणार, त्यात एक खोली आमची.

वेदांग : व्हेरी गुड. मग तुम्हाला प्रॉपर्टी फायनान्सिंग लागेल.

गुणवंत : त्या खोलीत बसून मी काय करायचं, ते त्यानं सांगितलं नाही. बाल्कनीतून बोटी बघा म्हणाला. मला बोट लागते. नुसती बघूनसुद्धा.

वेदांग : ओके. मग रिस्क अपेटाइट लो, जोखीम नकोच.

गुणवंत : लिहून घे. आणि त्याच्या व्हिसावर राहायचं म्हणजे त्याच्या साहेबाच्या मर्जीवर राहायचं. ती बाई मी पाहिलेलीसुद्धा नाही. उद्या तिचं आणि त्याचं बिनसलं, तर इकडे मी सामान बांधायचं. इतकी वर्षं एका कंपनीच्या शिक्क्यावर झोपलो. आता कुणाच्याही शिक्क्याशिवाय झोपायचंय मला. तळेगावच्या फ्लॅटमध्ये. भाडेकरूला नोटीस पाठवली मी.

प्रमिला : नोटीस पाठवली?

वेदांग : वेट. तळेगावचा फ्लॅट आपला आहे ना?

गुणवंत : वासुदेवरावांचाही आहे. शेजारीच.

वेदांग : बाबा, तू खेळ सोडून बोल.

गुणवंत : खेळात बोलतोय म्हणून तर ऐकतोयस. एरवी तू मला मरीनाचे व्हिडिओ दाखवतोस.

वेदांग : मग हे तू तुझ्या मुलाला आधी का नाही सांगितलंस?

गुणवंत : सांगतोय की.

वेदांग : धिस इज नॉट फेअर, बाबा. मला ही नोकरी अजिबात आवडत नाही. श्रीमंत लोकांच्या घरी जायचं, त्यांच्या काकूंच्या गुडघ्यांची चौकशी करायची, त्यांचे फालतू जोक ऐकून हसायचं. रोज रात्री गाल दुखतात माझे. तरी जातो, कारण मला वाटलं तुम्हाला इथेच राहायचंय.

गुणवंत : आणि मला वाटलं तुला एकट्याला इथे करमणार नाही, म्हणून मी दोन वर्षं गप्प बसलो. ऑफिसातली एमान म्हणाली, घरी जा, नातवंडं होतील तेव्हा ये. मी म्हटलं, पोराचं मन मोडवत नाही.

वेदांग : म्हणजे तू माझ्यासाठी राहत होतास, आणि मी तुझ्यासाठी गाल दुखवत होतो?

गुणवंत : तसंच झालं म्हणायचं.

वेदांग : मग उद्या जाऊ कशाला मी? नबिलाला मेसेज टाकतो. यल्ला, चला, आपण तिघंही तळेगावला.

प्रमिला : झालं तुमचं दोघांचं?

गुणवंत : अगं, नोटिशीचं मी सांगणारच होतो तुला.

प्रमिला : राहू दे. डॉक्टर काव्यांच्या दवाखान्यात मी सकाळचं काउंटर बघते, माहितेय ना? की तेही माहीत नाही?

वेदांग : माहितेय, आई. डेंटल क्लिनिक. तुझा टाइमपास.

प्रमिला : टाइमपास. तर गेल्या गुरुवारी त्यांनी मला फुल टाइम घेतलं. मॅनेजर म्हणून. शारजात दुसरं क्लिनिक काढतायत, तेही मीच बघायचं. व्हिसा त्यांचा. मेडिकल झालं माझं.

गुणवंत : गुरुवारी? मला बोलली नाहीस.

प्रमिला : तुम्ही दोघं मरीना की तळेगाव यात अडकला होतात. मी कुठे असेन, असं कुणी विचारलंच नाही. मग म्हटलं, जिथे आहे तिथेच राहू.

वेदांग : आई, आय ॲम सॉरी.

प्रमिला : पोलाइटली म्हणतोयस की खरं?

वेदांग : खरं.

गुणवंत : आणि माझं काय गं?

प्रमिला : तुमचा व्हिसा माझ्यावर होतो, मी विचारून ठेवलंय. माझ्या शिक्क्यावर झोप लागत असेल तर राहा. नसेल लागत, तर खुशाल तळेगावला जा, मी सुट्टीत येईन. मला राग नाही. वाईट वाटेल, पण राग नाही.

गुणवंत : तुझ्या शिक्क्यावर... तशी तर मी लग्नापासूनच झोपतोय.

प्रमिला : मग मघाशी 'माझं काय' म्हणत इतकं का बिचकलात?

वेदांग : पण मग माझं काय? उद्या जाऊ की नको? आता तर माझ्या नोकरीवर कुणीच अवलंबून नाही.

प्रमिला : म्हणूनच जा. नाही आवडली तर सोमवारी स्वतःसाठी सोड, आमच्या नावावर नको. आणि एक ऐक. वासुदेवरावांच्या समोर बसण्याआधी आत जाऊन त्यांच्या बायकोशी चार शब्द बोल.

वेदांग : काय बोलू? अकाउंट तर काकांचं आहे.

प्रमिला : तुम्हाला काय हवंय, एवढंच विचार. त्या बाईंचंही काहीतरी ठरलेलं असेल.